थोरल्या पातीचे मासे

तात्या गळाला लागलेला प्रत्येक मासा परत सोडतात, पण कुठेही नाही. नावेच्या डावीकडे लागला तर डावीकडेच. देवासात पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. ती केव्हाच गेली. पण तात्यांचे पणजोबा थोरल्या पातीत कारकून होते, त्यामुळे तात्यांच्या लेखी तलावाचीही वाटणी झालेली आहे: डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी.

"इकडचा तिकडे सोडलास तर भांडणं लागतील, भिया," ते नाववाल्याला बजावतात.

"और जो बीच में रेता हे, वो?"

"वो इंदौर का!"

तात्या आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. काकू गेल्यापासून एकटेच. दर शनिवारी तंबू पाठीला बांधून हाटपिपल्यापुढच्या तलावावर निघतात. तंबूच्या दाराशी आधी रांगोळी, मग खुंट्या. नाववाल्याने वाढलेल्या ताटात मीठ डावीकडे नसेल तर ताट परत. "जंगल आहे म्हणून रीत सोडायची का?" माशांसाठी गळाला लावायच्या कणकेत हिंगही सढळ; सगळा तिथेच संपतो, त्यामुळे त्या दिवशी वरण मात्र बिनहिंगाचं.

आता खरं सांगतो. परवाच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो तो माशांसाठी नव्हे. त्यांची सुलू इंदूरहून फोनवर रडली होती. "दादा, बाबा नावेतून पडले, त्यांनीच सांगितलं मला! त्यांचं हे तलावावर जाणं बंद करा. तुमचं ऐकतील." मी हो म्हणालो. मला समोरच्याला नाही म्हणता येत नाही आणि स्वतःहून चार शब्द बोलताही येत नाहीत.

दिवसभर तात्या खुशीत होते. मला नावेत उजवीकडे बसवून धाकट्या पातीचा कारभारी नेमलं. संध्याकाळी चुलीवर पिठलं केलं, भाकरीवर तूप वाढलं. या माणसाचा एवढा एकच आनंद, आणि मी तो काढून घ्यायला आलो होतो.

"तात्या, सुलू म्हणत होती..."

"मी नावेतून पडलो, हेच ना?"

"हो."

"कुठे पडलो? विचार नाववाल्याला."

"मग तिला तसं का सांगितलंत? पोरगी रडत होती."

तात्यांनी चुलीतलं लाकूड उगाच मागे-पुढे केलं.

"रडली, ते चुकलंच माझं. उद्या फोन करतो तिला. पण ती घाबरली की तुलाच सांगणार, हे मला ठाऊक होतं. तुला सरळ बोलावलं की तू 'बघू' म्हणतोस रे."

मी खरंच तसं म्हणतो. दर शुक्रवारी, फाटकातूनच.

तात्यांनी माझ्या भाकरीवर आणखी तूप सोडलं.

"पुढच्या शनिवारीही मला समजवायला ये," ते म्हणाले. "मी काही एवढ्यात ऐकणार नाही."