बगळा मिस्त्री

मोटार जळालेला माणूस कधी हसत हसत दुकानात येत नाही, हा खाजाभाईंचा तीस वर्षांचा अनुभव होता. रानात कांदा सुकत असतो, लाइट फक्त दुपारपर्यंत असते, आणि नेमकी तेव्हाच विहिरीवरची मोटार गेलेली असते. अशा माणसाचं तोंड कसं दिसतं हे भोकरठाणात खाजाभाईंइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्या शनिवारी मच्छिंद्र मोटारसायकलच्या कॅरिअरला मोटार बांधून खिदळत आला, तेव्हा त्याला ऊन लागलं असावं असंच त्यांना वाटलं.

त्यांनी मोटारीला नाक लावलं. "वायंडिंग गेलंय. ठेव तितं. पाच मिनिटांचं काम हाय."

हे ऐकताच मच्छिंद्र टुणकन तीन पावलं मागं सरला आणि त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली.

"काय रं?"

"काय न्हाई. स्फोट व्हायची वाट बघतोय."

खाजाभाई उंच, काटकुळे. मान लांब, सदरा-लेंगा पांढराशुभ्र. ग्रीस आणि वार्निशच्या धंद्यात राहून कपड्यांवर डाग पडू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं त्यांनी तांब्याची तार पिळून बसवलेली. आता "पाच मिनिटांचं काम" म्हणजे संध्याकाळ, आणि कधीकधी दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात स्फोटाचा काय संबंध, हे मात्र त्यांना कळेना. मच्छिंद्रनं खिशातून मोबाईल काढून त्यांच्यापुढं धरला.

कार्टून चालू होतं. प्राण्यांचं एक गाव. तिथल्या उंदराची पिठाची गिरणी बंद पडते. मिस्त्री येतो. मिस्त्री म्हणजे एक बगळा. उंच, काटकुळा, आणि चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची. बगळा गिरणीला नाक लावतो आणि म्हणतो, "पाच मिनिटांचं काम आहे." धडाम! धूर निवळतो, तर पांढऱ्या बगळ्याचा काळाकुट्ट कावळा झालेला. नुसते दोन डोळे मिचमिचताहेत. पुढच्या प्रसंगात बगळा पुन्हा पांढरा. ससुलीचा पंखा बिघडतो. "पाच मिनिटांचं काम आहे." धडाम!

"सगळे भाग बघितलेत मी," मच्छिंद्र डोळे पुसत म्हणाला. "पोरं तर नुसती बगळा यायची वाट बघत्यात. शाळेत दर शनवारी मोठ्या टीव्हीवर दाखवत्यात. तुमची मेहविश लई हुशार हाय, खाजाभाई."

खाजाभाईंची मेहविश पुण्याच्या एका कार्टून कंपनीत होती आणि आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करायची. कार्टूनमधलं ते गाव, ते प्राणी, ते बिघाड, सगळं तिचंच. पोरगी कॉम्प्युटरवर चित्रं काढते, एवढंच खाजाभाईंना माहीत होतं, आणि आतापर्यंत तेवढ्यावर त्यांचा अभिमान व्यवस्थित चालला होता.

दुकानाच्या मागंच घर. या घरात साधं बोलणं दखनीत चालायचं, पण भांडण रंगात आलं की सगळे मराठीवर यायचे. खाजाभाई मराठीतच घरात शिरले.

"मेहविश! मला बगळा केलास?"

मेहविश स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "अब्बा, तो तुम्ही नाही. तो कल्पित बगळा आहे."

"मंग कल्पित बगळ्याला माझा चष्मा कशाला?"

भाजी निवडत बसलेल्या फरीदाबींनी मान अधिकच खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते.

"आनि थ्री फेजला असा स्फोट हुतो व्हय?" खाजाभाईंचा आवाज चढला. "फ्यूज जातो! फार तर स्टार्टर जळतो. अर्थिंग तर कुठं दाखवलेलंच न्हाई. एवढा शिकलेला बगळा, अन् अर्थिंग तपासत न्हाई?"

"याला रनिंग गॅग म्हणतात, अब्बा."

"रनिंग म्हंजी?"

"म्हणजे दर भागात तेच. एकदा घडलं तर तो अपघात. दुसऱ्यांदा घडलं तर हलगर्जीपणा. तिसऱ्यांदा घडलं की लोक हसतात. मग तर त्यांना आधीच माहीत असतं, म्हणून ते जास्त वाट बघतात. खरी मजा स्फोटात नसते. ती स्फोटाच्या आधी थांबण्यात असते."

"तर मंग काढून टाक तो बगळा."

मेहविशनं आता पहिल्यांदाच मान वर केली. "पुढचे वीस भाग करायचे की बंद करायचं, हे कंपनी महिनाभरात ठरवणार आहे. मुलं बगळ्यासाठी बघतात. बगळा गेला तर कार्टून जाईल. अन् कार्टून गेलं तर मीपण घरी बसेन, कायमची."

पोरीच्या पोटावर पाय देणारे खाजाभाई नव्हते. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं की बगळा तिकडं काय करायचं ते करो, आपण मात्र ते पाच शब्द... म्हणजे नेमके किती ते त्यांनी मोजले नाहीत, पण ते शब्द पुन्हा तोंडातून काढायचे नाहीत. माणूस वेगळा बोलायला लागला की बगळा आपोआप वेगळा पडेल.

दुसऱ्याच दिवशी आसाराम पाणबुडी मोटार घेऊन आला. "किती येळ लागंल?"

खाजाभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला खरं सांगितलं. "दोन दिवस."

आसारामचा चेहरा पांढरा पडला. त्यानं मनात हिशेब मांडला. पाच मिनिटं म्हटल्यावर हा माणूस संध्याकाळ लावतो. मग दोन दिवस म्हटल्यावर? दिवाळी नक्कीच उलटून जाणार. त्यानं मोटार पुन्हा टेम्पोत घातली आणि थेट श्रीरामपूर गाठलं. त्या आठवड्यात खाजाभाई आणखी तिघांशी खरं बोलले. तिघंही श्रीरामपूरला गेले.

"हात चालंनासा झाला वाटतं खाजाभाईचा," पारावर बोलणं सुरू झालं. "आधी कसं, बघितलं की पाच मिनिटं!"

"खरं बोलून धंदा बुडवलेला मानूस मी पहिल्यांदाच बघितला," फरीदाबी म्हणाल्या.

दुकानात मोटारी नव्हत्या, पण गर्दी मात्र वाढली होती. शाळा सुटली की पोरं समोरच्या कट्ट्यावर ओळीनं बसायची, कानांत बोटं घालून. एकदा तर गुरुजी सगळी चौथी घेऊन आले. "परिसर अभ्यास," ते म्हणाले. खाजाभाईंनी तांब्याची तार कशी मोजायची, वेढे कसे घालायचे, वार्निश का द्यायचं, हे सगळं जीव तोडून सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "काय शंका हाय का?"

पहिल्या रांगेतल्या पोरीनं हात वर केला. "तुमी कावळा कधी हुनार?"

तेवढ्यात एक गोष्ट चांगली झाली आणि तिच्यामुळं सगळंच बिघडलं. पुण्याहून कंपनीची माणसं येणार असल्याचा मेहविशला फोन आला. कार्टूनच्या जाहिरातीसाठी त्यांना खरं गाव, खरी पोरं आणि जमलं तर "बगळ्याची मूळ प्रेरणा" चित्रित करायची होती. वीस भागांचं तिथंच ठरणार होतं. ती माणसं आली त्या दिवशी खाजाभाई मुद्दामच श्रीरामपूरला पाहुण्यांकडं जायच्या तयारीत होते. एक पाय चपलेत घातला आणि सरपंच रामहरी धापा टाकत दारात उभे राहिले.

"खाजाभाई, नळयोजनेची मोटार गेली! टाकीत थेंब न्हाई. त्यात पुन्याचे पाहुने आलेत. चला!"

गावाचं पाणी म्हटल्यावर नाही म्हणता येईना. खाजाभाई विहिरीवर पोचले तेव्हा तिथं जत्रा भरली होती. शाळा सोडून दिलेली. बाया हंड्यांसकट उभ्या. कॅमेरावाला पंपघराच्या दारात ठाण मांडून बसलेला. आणि ज्याच्या ज्याच्याकडं मोबाईल होता, त्यानं तो वर धरलेला.

रामहरी नव्या जाकिटात होते. कॅमेऱ्यात आपण नीट येतोय ना हे बघून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "बोला खाजाभाई, किती येळ लागंल?"

तीनशे माणसांनी श्वास रोखला. खाजाभाईंच्या जिभेवर ते शब्द अगदी टोकापर्यंत आले. तीस वर्षांची सवय. त्यांनी पोरांकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं, लांब कोपऱ्यात नखं खात उभ्या असलेल्या मेहविशकडं बघितलं.

"बघू," ते म्हणाले.

गर्दीतून 'च्च' असा मोठा आवाज निघाला.

मग खाजाभाईंनी असं काम केलं की तसं पुन्हा त्यांच्याही हातून व्हायचं नाही. अर्थिंग तपासलं. स्टार्टर उघडून जळकी कॉइल बदलली. दोन वायरी ढिल्या होत्या, त्या कसल्या. कुठं ठिणगी नाही, धूर नाही, कपड्यांवर थेंबभर ग्रीस नाही. अर्ध्या तासात त्यांनी सगळ्यांना मागं सरकवलं आणि हिरवं बटण दाबलं.

मोटार हळूच गुणगुणली. पाइप थरथरला. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला.

कुणीच टाळी वाजवली नाही.

"झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

"कायच न्हाई झालं की," दुसरा म्हणाला. परिसर अभ्यासातली ती पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. तिच्या आईनं तिला उचललं आणि खाजाभाईंकडं असं बघितलं, जसं काही त्यांनी पोरीच्या हातचा खाऊ काढून घेतला होता.

कॅमेरावाला पुढं आला. "काका, जरा पुन्हा एकदा कराल? अगदी थोडासा धूर निघाला तरी चालेल."

"धूर?" खाजाभाईंनी मान ताठ केली. तेव्हा ती आणखीच लांब दिसली. "माझ्या हाताखालून गेलेली मोटार हाय ती. तिच्यातनं धूर निघत न्हाई."

कंपनीच्या साहेबांनी मेहविशकडं बघून खांदे उडवले आणि गाडीची किल्ली काढली. आता सगळं संपलं हे खाजाभाईंना कळलं. आयुष्यातलं सगळ्यांत चोख काम त्यांनी आज केलं होतं आणि त्यानंच पोरीची नोकरी घालवली होती. त्यांना वाटलं, एखादी वायर मुद्दाम ढिली ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

गर्दी पांगायला लागलेली बघून रामहरींना आपलं भाषण आठवलं. पाइपाच्या जोडातून गळणाऱ्या पाण्यानं पंपघरापुढं चिखल झाला होता. रामहरी एक हात वर करून पुढं आले. "ग्रामस्थहो, पान्याचा प्रश्न कायमचा—"

आणि ते बदकन बसले.

दोघांनी उठवलं. जाकीट झटकत ते म्हणाले, "काय न्हाई, काय न्हाई. तर पान्याचा प्रश्न कायमचा—" पुन्हा बदकन. या वेळी उठवणारे दोघंही त्यांच्यासोबत खाली. रामहरी चिकाटीचे गृहस्थ. ते एकटेच उठले, पाइपाला धरून उभे राहिले, दम घेतला, गर्दीकडं बघितलं. गर्दी जागच्या जागी थांबली. रडणारी पोरगीही थांबली. रामहरींनी तोंड उघडलं, "पान्याचा—"

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. तीनशे माणसं पोट धरून हसत होती. साहेब गाडीच्या टपावर थापा मारत होते आणि कॅमेरावाल्याच्या हातातला कॅमेरा हलत होता.

वीस भाग मंजूर झाले. नव्या भागांत गावाला एक सरपंच आला, गलेलठ्ठ बेडूक. तो दर उद्घाटनाला भाषणासाठी हात वर करतो आणि पडतो. हे रामहरींना सांगायला मेहविश भीत भीतच गेली. पण रामहरींनी भाग तीनदा बघितला, मग बायकोला बोलावून चौथ्यांदा बघितला, आणि आठ दिवसांत एसटी स्टँडवर त्यांचा फ्लेक्स लागला. त्यात एका बाजूला ते आणि एका बाजूला बेडूक. आजूबाजूच्या गावांतून त्यांना कार्यक्रमांची आमंत्रणं येऊ लागली. तिथं ते हौसेनं पडून दाखवू लागले.

कार्टूनमध्ये बेडकापुढं बगळ्याला आता महिन्यातून एखादंच काम मिळत होतं. विहिरीवरचं काम सगळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळं खाजाभाईंकडं मोटारी परत यायला लागल्या. गिऱ्हाइकं पूर्वीसारखी तोंड पाडून यायची, मोटार ठेवायची, जायची. कट्ट्यावर पोरं बसत नव्हती. खाजाभाईंना हेच हवं होतं. तरी काम करता करता ते मधूनच कट्ट्याकडं बघायचे आणि मग उगाचच रेडिओचा आवाज वाढवायचे.

एके दुपारी रामहरी आले. इकडंतिकडं बघून त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"खाजाभाई, एक अडचन हाय. काल बाजारतळाच्या उद्घाटनाला पडलो. कुनीच हसलं न्हाई. उलट दोघं धरायला धावले, अन् एकानं तर बीपी तपासून घ्या म्हनून सांगितलं."

खाजाभाईंनी हातातली तार बाजूला ठेवली. "बघितला मी व्हिडिओ. तुमी लई घाई करता, सरपंच."

"म्हंजी?"

"आल्या आल्या पडता. लोकांना वाट बघायला सवडच देत न्हाई. आदी यायचं, हात वर करायचा, मंग थांबायचं. खाली बघायचं. मंग लोकांकडं बघायचं. त्यांना वाटलं पाहिजे, आज हा मानूस पडत न्हाई. तवर दम धरायचा."

"दाखवा बरं एकदा."

खाजाभाई नको नको म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि जमिनीवर गोणपाट पसरलं.

थोड्या वेळानं फरीदाबी चहा घेऊन आल्या आणि शटरखालून वाकून आत बघू लागल्या. गोणपाटावर त्यांचा नवरा आणि गावचे सरपंच शेजारी शेजारी उताणे पडले होते. फरीदाबींनी दोन्ही कप अलगद उंबऱ्याच्या आत सरकवले आणि आवाज न करता शटर पूर्ण खाली ओढलं.

"न्हाई, न्हाई," आतून खाजाभाईंचा आवाज आला. "अजून जरा उशिरा."