उजव्या अंगठ्याचा कारभार

भूमिकाने पॅकिंगच्या खोलीला अंगठ्याने उघडणारं कुलूप बसवलं आणि त्याच आठवड्यात नारळ खवताना तिचा अंगठा खवणीवर गेला.

आयटीतली नोकरी सोडून तिने सर्जापूर रोडवर डब्यांचा व्यवसाय काढला होता. पण कुणाला कोशिंबीरच जायची नाही, कुणाला दोनदा जायची. मग तिने मॅनेजमेंटचा ऑनलाइन कोर्स केला. त्यातला 'कंट्रोल'चा धडा तिच्या डोक्यात असा बसला, की आपण तपासल्याशिवाय डबा हलायचा नाही आणि खोली फक्त आपणच उघडायची, असा तिने नियम केला.

"आन् तुमाला काय झालं तर वो अक्का?" निपाणीची महानंदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती.

"मला काय होतंय!"

आज बेळ्ळंदूरच्या एका कंपनीची पहिली मोठी ऑर्डर होती. वेळेत पोचली, तर वर्षभराचं काम मिळणार होतं. डबे भरून, तपासून आत होते, दार बंद होतं, टेंपो खाली उभा होता. आणि भूमिकाच्या अंगठ्याच्या पट्टीतून रक्त वाहत होतं.

पट्टी काढून तिने अंगठा टेकवला. कुलपाचा दिवा लाल झाला. पुसून टेकवला. पुन्हा लाल. तिने कुलपाच्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, नोंदवलेलं बोट लावा."

"तेच तर कापलंय!"

"मग दुसरं बोट नोंदवा."

"ते कसं नोंदवायचं?"

"आधी नोंदवलेलं बोट लावा."

भूमिकाने फोन ठेवून दिला. शेवटी महानंदाच शेजारच्या दुकानातून चंदन सुताराला घेऊन आली. त्याने कुलूप निरखलं. "भारी माल हाय. याला कशाला हात लावायचा?" म्हणत त्याने बिजागऱ्याच खोलल्या. कुलपासकट दार बाजूला उभं राहिलं.

बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये दोघींना घेऊन टेंपो मुंगीसारखा सरकत होता. भूमिका माफीची वाक्यं जुळवत होती. अपघात सांगावा? की गॅस संपला म्हणावं? पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती.

गेटवर वॉचमनने टेंपो अडवला. तेवढ्यात ऑर्डर देणारी सिद्धी आतून धावतच आली. तिला घाम फुटला होता.

भूमिकाने हात जोडले. "अहो, ते काय झालं..."

"सॉरी, सॉरी मॅडम! किती वेळ ताटकळलात?" सिद्धी रडकुंडीला आली होती. "तुमची गाडी आत सोडायचं अप्रूव्हल आत्ता आलं. आमचे सर सोडून दुसऱ्या कुणाला ते देताच येत नाही आणि ते सकाळपासून मीटिंगमध्ये! प्लीज, वर तक्रार करू नका. पुढच्या महिन्यापासून रोजची ऑर्डर तुम्हालाच."

भूमिकाने जोडलेले हात हळूच पाठीमागे नेले.

"होतं असं," ती गंभीरपणे म्हणाली. "एकच माणूस सगळं धरून बसला, की दुसरं काय होणार?"

टेंपोत महानंदा तोंडात पदर कोंबून रस्त्यापलीकडच्या तळ्याकडे बघू लागली.