आबांचा कान

भानुदास आबा कुणाच्या घरी गेले की आधी माणसांशी बोलत नाहीत. आधी कान लावतात. फ्रिजला, पिठाच्या गिरणीला, चुलीवरच्या कुकरला. कुकरपायी एकदा कानाची पाळी भाजली, तरी ऐकून झाल्याशिवाय मागे सरले नाहीत. मग डोळे मिटून निदान सांगतात. निदान कायम एकच असतं, "हवा धरली!"

आबा आमच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेचे पंप ऑपरेटर. तलावातलं पाणी वरच्या शिवारात चढवायचं आणि पाइपात हवा अडकली की ती बाहेर काढायची, यात त्यांचा जन्म गेला. दुष्काळात तलाव आटला, पंपघराला कुलूप लागलं. किल्ली मात्र अजून आबांच्या करदोट्याला आहे. पाइपातली हवा काढायची राहिली नाही, तेव्हा आबा माणसांची काढायला लागले. माझा काका आईवर रुसून बसला तर म्हणाले, "त्याला मधी टोकू नका. टोपण उघडं ठिवा, आपसूक निगंल." संस्थेच्या सभेत चेअरमन तासभर बोलत राहिले, तेव्हा आबा मागून उठले. "चेअरमनसाहेब, मघापासनं नुसती हवाच यायलीय. पाणी कवा?" सभा तिथंच आटोपली.

अशा माणसाच्या शेजारी राहून मी पाण्यानं गार होणारा कॉम्प्युटर घेतला, म्हणजे बघा.

मी लहान मुलांसाठी कार्टून करते. कंपनी पुण्यात, मी सिरसाळ्याजवळच्या आमच्या गावात. काम वेळेवर दिलं तरच घरून करायचं, ही कंपनीची अट. कामाचा कॉम्प्युटर भट्टीसारखा तापतो, म्हणून त्याच्या पोटात छोटा पंप, पारदर्शक नळ्या, पाणी गार करणारी पंख्याजवळची जाळी आणि पाण्याची डबी. आई म्हणाली, "माणसाला टँकर, अन् ह्याला घरातच तळं!"

परळीहून बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन आणला आणि मशीन भरलं. तळाचं दोन पेले पाणी मात्र कॅनमध्ये राखून ठेवलं. आमच्याकडे कुठलंच भांडं पुरतं रिकामं करायचा हात होत नाही.

चार दिवसांत मशीन गुडगुडायला लागलं. मग तापायला लागलं. मग आपोआप बंद. एक काम चुकलं, दुसरं चुकलं. कंपनीनं कळवलं, शुक्रवारचं काम आलं नाही तर सरळ पुण्याला या. गुरुवारी सकाळी मी रडत रडत बॅग भरायला घेतली.

तेवढ्यात आबा आले. बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कॉम्प्युटरला कान लावला.

"कावून पळायलीस? हवा धरलीय."

"आबा, हा कॉम्प्युटर आहे!"

"असंल. मोटर हाय ना? पाणी हाय ना? मग तिला काय ठावं ती कुटं बसवलीय!" त्यांनी पेचकस पंपाला टेकवून दांडा कानात धरला आणि गालात हसले. "हवा उंचावर जाऊन बसती. ह्यात समद्यात उंच काय हाय?"

मी पंख्याजवळची जाळी दाखवली. पाण्याची डबी तिच्याहून खाली होती.

"मग निगंल कुटून? डबीला वर घी."

खाली फडकी अंथरून डबी वर येईल असा आम्ही कॉम्प्युटरचा खोका तिरका केला. डबीचं टोपण उघडलं. बाकी सगळं बंद ठेवून मी नुसता पंप चालवला. दहा आकडे मोजायचे, थांबायचं, नळीवर बोटानं टकटक करायची. डबीत बुडबुडे फुटायला लागले तशी पातळी खाली खाली गेली.

"वत पाणी."

मी चमचाभर ओतलं.

"समदं वत! जिथं पाणी न्हाई तिथं हवाच बसणार. काटकसर घरात कर माय, पंपाशी नगं!"

मी डोळे मिटून कॅन उपडा केला. तासाभरात गुडगुड थांबली. आबा नळीवर तळहात ठेवून बसले होते. "फिरायलंय बघ," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. संबंध गावात त्या दिवशी वाहतं पाणी तेवढंच होतं.

शुक्रवारचं काम वेळेवर पोचलं. बॅग परत माळ्यावर गेली.

तेव्हापासून आबा रोज चारला येतात. कान लावतात, "न्हाई, आवाज न्हाई," म्हणतात आणि जातात. एकदा मी चिडवलं, "आबा, हवा गेली ना आता? मग रोज कावून येताव?"

आबा करदोट्याची किल्ली चाचपत राहिले. "दिवाळी झाली की गल्ली रिकामी व्हती बघ. लेक-सून बी ऊस तोडायला गेलीत. पंपघराच्या दाराला कान लावून बघितला, काईच न्हाई. तुजी मशीन चालू हाय म्हंजी तू हितंच हाईस. तेवढं ऐकून जातो."

 

दुसऱ्या दिवशी ते आले, कान लावला आणि जायला वळले. मी म्हणाले, "आबा, थांबा. मला तर आज आवाज येतोय."

मशीन अगदी गप्प होतं. आबांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा कान लावला. या वेळी बराच वेळ.

"हाय गं, बारीकशी हवा हाय," ते म्हणाले. "ही काय एका दिवसात निगायची न्हाई. उद्या बी यावं लागंल."

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि आईला चहाचं सांगितलं.