रद्द म्हणायचं होतं

आचोळ्याच्या श्रीरंगरावांनी एका रविवारी मुलीला पत्र लिहायचं ठरवलं. एवढंच. पण सरकारी कचेरीत पंचवीस वर्षं आदेशांचे मसुदे लिहून हाताला लागलेलं वळण एका रविवारात सुटतं थोडंच?

दोन वर्षांपूर्वी क्षितिजानं गोखिवऱ्याच्या शेतकरी घरातल्या दीपेशशी कोर्टात लग्न केलं, तेव्हा 'या घराचा उंबरा चढायचा नाही' असं ते म्हणून बसले होते. आता तिला मुलगी झाली होती. ते फर्मान मागे घ्या, असं विनयाबाई म्हणाल्या. फर्मान बादशहा काढतो, मी काढला तो आदेश, असं त्यांनी बायकोला समजावलं. (बायकोनं नुसतं आंतर्देशीय पत्र पुढे सरकवलं.)

त्यांनी लिहिलं : 'आपणांस गृहप्रवेशास मनाई करणारा दि. ९ मे १९९६ चा तोंडी आदेश याद्वारे अधिक्रमित करण्यात येत आहे.' खाली सही.

तीन आठवडे उत्तर नाही. विनयाबाईंनी शिवलेली दुपटी कपाटातच राहिली. मग एका संध्याकाळी दीपेश एकटाच स्कूटरवरून आला आणि दाराबाहेर उभा राहिला. पत्र वाचल्यापासून क्षितिजा धड जेवत नाही, म्हणाला.

"आमच्याकडे अतिक्रमण म्हटलं की पाडायला गाडी येते. तिला अतिक्रमण का म्हटलंत?"

"अधिक्रमित," श्रीरंगराव म्हणाले. "म्हणजे जुना आदेश आता लागू नाही."

"मग रद्द लिहायचं."

"रद्द म्हटलं की आधी आपली चूक झाली होती, असा अर्थ निघतो."

"निघू दे," विनयाबाई आतून म्हणाल्या.

श्रीरंगराव उठून कपाटाकडे गेले. मग दुपट्यांची पिशवी घेऊन स्कूटरवर मागे बसले. लेकीचं घर इतकं जवळ होतं हे त्यांना आज कळत होतं. रस्ताभर ते दोनच शब्द घोकत होते. दीपेश स्कूटर लावेपर्यंतही त्यांना धीर धरवला नाही; दार वाजवलं, ते उघडताच मान खाली घातली आणि एका दमात म्हणाले, "चुकलं माझं."

आत बाळाला थोपटण्याचा आवाज मध्येच थांबला.

दारात मात्र दीपेशची आई, जिजाबाई, उभी होती. लग्नालाच न आलेल्या व्याह्याला ती माउली ओळखणार कशी?

"चुकलात होय? कोनाचं घर पायजे?" तिनं मायेनं विचारलं, आणि परतीची रिक्षा कुठं मिळते तेही हात करून दाखवलं.