उभं राहून वाचायची क्वेरी

आमचे बाळूकाका डेटाबेसमधला कोणताही रिपोर्ट काढण्याआधी खुर्चीतून उठतात, सदऱ्याची बटणं लावतात आणि त्यामागची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मोठ्याने वाचतात. पहिल्या 'सिलेक्ट'पासून शेवटच्या अर्धविरामापर्यंत. पहिल्या दिवशी मला वाटलं राष्ट्रगीत आहे. मीही उभा राहिलो.

शहापूरच्या आमच्या छोट्या संस्थेत पाड्यापाड्यांवरच्या मुलांची वजनं नोंदवली जातात. नोंदींवरून यादी निघते आणि यादीप्रमाणे नर्सबाईंची जीप फिरते. काकांच्या मते प्रत्येक क्वेरी डेटाबेसच्या आतच, नाव देऊन, कायमची ठेवायची. तिला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. मी मात्र रिपोर्टच्या कोडमध्येच क्वेरी लिहून मोकळा होतो. "तुझी क्वेरी म्हंजे चिठ्ठी," काका म्हणत. "कोणी लिवली, का लिवली, उद्या कोण सांगंल रे?" त्यांच्या प्रोसिजरमध्ये बदल हवा तर हाताने अर्ज लिहावा लागे. अर्जावर ते शिक्का मारत. शिक्का त्यांनीच करून घेतला होता.

गेल्या उन्हाळ्यात अर्जाच्या कंटाळ्याने मी यादी माझ्याच क्वेरीने काढली. म्हसाजवळचा एक पाडा कोराच आला. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "मुलंच नाहीत तर पाडा फेरीतून काढू."

काकांनी माझा कोड उघडला. "उभा रा. वाच."

मी वाचलं. सलग तीन महिने वजनाची नोंद नसेल तर नाव गाळा.

"गेली कुठं ती पोरं?"

"माहीत नाही."

"दिवाळीनंतर आईबापासंगं वीटभट्टीवर जातात. पाऊस लागायच्या आत येतात. मेली नाय ती."

त्यांच्या प्रोसिजरमध्ये एक जादा अट होती: 'भट्टी' अशी खूण असलेलं नाव गाळायचं नाही.

"ही अट कोणाच्या अर्जावरून?" मी विचारलं.

काका बटणाशी चाळा करत राहिले. "माझ्याच. तिसरीत होतो. भट्टीवरून आलो तर हजेरीत नावच नाय. गुरुजी सगळ्यांची नावं वाचायचे, मी ऐकत बसायचो. आठ दिवस बसलो. मग दोन वर्षं गेलोच नाय."

त्या दुपारी तह झाला. एकदाच विचारायचा प्रश्न माझ्या कोडमध्ये, दरवर्षी विचारायचा त्यांच्या प्रोसिजरमध्ये. यादीसाठी मी पहिल्यांदा बिनतक्रार अर्ज लिहिला. शिक्का जरा तिरका बसला.

नवी यादी निघाली, म्हसाजवळच्या पाड्यासकट. काका उठले, बटणं लावली. पण या वेळी क्वेरी नाही, नावं वाचू लागले. प्रत्येक नावानंतर जरासे थांबत. तिसऱ्या नावाला दारातून नर्सबाई म्हणाल्या, "आलीय ती. काल मुरबाडच्या बाजारात आईसोबत दिसली."

काकांनी मान हलवली आणि पुढचं नाव वाचलं.