कांबळे सरांची कटकट

हिंगोलीच्या भाजीबाजारात केळी घेण्याआधी त्यांच्यावर किरणोत्साराची किरणं मोजायचं यंत्र धरणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे कांबळे सर. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. यंत्र मोबाईलएवढं, किरण सापडला की ‘कट्’ वाजायचं. गल्लीनं त्याला नाव ठेवलं होतं, सरांची कटकट.

एकदा केळीवाला घाबरला. “सर, वाजून राहिलं. माल खराब हाये का?”

“माल चांगला हाये. रिकाम्या गाड्यावर बी वाजंल. किरणं जमिनीतून येतात, आभाळातून येतात, आपल्या हाडामांसातून बी येतात. भ्यायचं न्हाई, मोजायचं.”

“मोजा, पर गिऱ्हाईक गेल्यावर मोजा.”

सर खरंच गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले.

मागच्या वर्षी माझ्या मायच्या मानेत कॅन्सरची गाठ निघाली. नांदेडला महिनाभर शेक घेऊन ती घरी आली. शेक म्हणजे मशीननं बाहेरून दिलेली किरणं. तिच्या अंगातून आता किरणं निघतात, असं कोणीतरी बायकोला सांगितलं. मी मायची खाट मागच्या खोलीत टाकली आणि तीन वर्षांच्या पोरीला तिकडं जाऊ देईना. पोरगी दाराशी बसून रडायची.

ते रडणं ऐकून सर यंत्र घेऊन आले. अंगणात मिनिटभर धरलं, सोळा वेळा वाजलं. मग मायच्या खाटेजवळ धरलं, चौदा वेळा.

“किरण आत शिरतो, गाठीतल्या पेशी मोडतो, न्हाईतर आरपार निघून जातो,” सर म्हणाले. “मशीन बंद झालं की मागं काही उरत न्हाई. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का? किरणं सोडणारं औषध पोटात दिलं असतं तर गोष्ट येगळी, तवा काही दिवस लांब राहावं लागतं. हे तसं न्हाई. लेकराला जाऊ द्या.”

मी दारातून बाजूला झालो. पोरगी आजीच्या कुशीत शिरली.

ओट्यावर सरांना चहा दिला. “चुकलं माझं, सर. मला ठाऊक नव्हतं.”

सरांनी चहाचा एक घोट घेतला. “आमच्या मंडळीला बी शेकच दिला होता,” ते म्हणाले. “ती घरी आली अन् मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. ती जाईस्तोवर तितंच झोपलो.”

“तवा तुमाला बी ठाऊक नव्हतं?”

“ठाऊक होतं. त्याच महिन्यात बारावीला हेच शिकवून राहिलो होतो.” त्यांनी कप खाली ठेवला. “तिनं एकदा बी काहून म्हणून विचारलं न्हाई.”