नव्या सायकलीची ट्रायल

"सायकल जुनी म्हणून मागं पडलो, हे किती वेळा सांगाल?" अनुपमा कणीक मळता मळता म्हणाली. "घ्यायची असेल तर घ्या की नवी. पण आधी खात्री करा."

इंद्रजीत रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्याला ट्रायथलॉनचा नाद लागला होता. आधी पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, वर पुन्हा धावायचं. मागच्या स्पर्धेत सायकलचा टप्पा वेळेत संपला नाही म्हणून संयोजकांनी त्याला बाहेर काढलं. खरं तर केळी आणि चिक्की वाटत होते त्या टेबलापाशी, सावलीत, तो जरा जास्तच रमला होता. घरी येऊन मात्र त्याने सगळं खापर सायकलीवर फोडलं. जड आहे, गिअर अडकतात, हिच्यावर आता काही होणार नाही. शिरूरच्या शेजाऱ्यांना, कंपनीच्या बसमध्ये, पाटसला सासऱ्यांना, सगळीकडे त्याने हेच सांगितलं होतं.

खात्रीचा मार्ग अनुपमानेच काढला. रविवारी पाटसला तिच्या माहेरी सत्यनारायण होता. ती एसटीने जाणार. इंद्रजीतने सहकारी चांगदेवची नवी कार्बनची सायकल मागून आणायची आणि शिरूरहून पाटस गाठायचं. जुन्या सायकलीवर तो तिथे नेहमी जेवणाच्या वेळेला पोहोचायचा. नवीवर बराच आधी पोहोचला, तर नवी घ्यायची.

"बूट पायडलमध्ये अडकतात," चांगदेवने बजावलं. "थांबायच्या आधी टाच बाहेर फिरवायची. विसरू नको."

न्हावऱ्याच्या चौकात इंद्रजीत विसरला. उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, त्याने ब्रेक दाबले, सायकल थांबली आणि दोन्ही पाय अडकलेले असताना तो सावकाश, अगदी सावकाश एका बाजूला कलंडला. चहाच्या टपरीवरची माणसं धावली.

"धरा, धरा! चक्कर आली वाटतं!"

"चक्कर कसली? पाय बांधल्यात त्याचं!"

"आरं पण कुणी बांधलं?"

दोघा-तिघांनी त्याला सायकलीसकट उचलून उभं केलं. अंगाला घट्ट चिकटलेल्या त्या कपड्यांत तमाम चौकासमोर उभं राहणं इंद्रजीतला असह्य झालं. तो सुसाट निघाला. इतका सुसाट, की चौफुल्याच्या बराच अलीकडे त्याचा दम संपला. समोरून वारा. त्यात ही सायकल पुढे ओणवं होऊन चालवायची, त्यामुळे कंबर धरली ती सुटेना. तो खाली उतरला आणि एका लिंबाखाली तसाच वाकून उभा राहिला.

मेंढ्या भरलेला एक पिकअप शेजारी येऊन थांबला. चालवणाऱ्या फेटेवाल्याने मान बाहेर काढली.

"काय हरावलं का, साहेब?"

"न्हाई हो. कंबर धरलीय."

"मग बसा की मागं. पाटसला चाललोय, एकाच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायच्यात. मी बिरदेव. म्होरं घरची मंडळी हायती, मागं जरा दाटीवाटी हुईल."

इंद्रजीतने इकडे तिकडे पाहिलं. सायकल छातीशी धरून तो मेंढ्यांमध्ये शिरला. "पाटसच्या अलीकडं सोडा," तो म्हणाला. "आन् हे कुणाला सांगू नका."

"शब्द दिला," बिरदेव म्हणाला.

तो पोहोचला तेव्हा अनुपमाची एसटीसुद्धा आली नव्हती. सासरे बबनराव दारात तोरण बांधत होते. ते तसेच थबकले.

"जावईबापू! एसटीच्या आधी?"

खरं सांगायची हीच वेळ होती. "वारा मागून होता, मामा," इंद्रजीत म्हणाला.

बबनरावांनी सायकल एका हाताने उचलून बघितली, मग पाहुण्यांना उचलायला लावली. अनुपमा आली तेव्हा अंगणात सायकलीभोवती गर्दी जमली होती आणि सत्यनारायण आत एकटा होता.

दुपारी पंगत बसली. समोरच्या पाटावर येऊन बसला बिरदेव. मेंढ्या बसवायचं ते रान बबनरावांचंच होतं. 

"बिरदेवा, तू त्याच रस्त्यानं आलास," बबनराव म्हणाले. "आमचं जावई दिसलं का रं?"

बिरदेवाने इंद्रजीतकडे पाहिलं. "दिसलं की! माझा पिकअप ऐंशीनं पळत हुता. बघता बघता म्होरं गेलं."

पंगत गार पडली. इंद्रजीतने मान खाली घातली ती हात धुवायला उठेपर्यंत वर केली नाही. या माणसाने खरं सांगितलं असतं तर आपली लाज एकदाच गेली असती, असं त्याला वाटत राहिलं.

परतीचा सगळा रस्ता तो सायकलवर आला. दिवेलागणीला घरी टेकला आणि त्याने अनुपमाला पिकअपपासून केळ्यांच्या टेबलापर्यंत सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही, तेच त्याला जास्त लागलं.

"जुनी सायकल चांगली आहे," तो म्हणाला. "नवी नको."

"आणि बाबांना कोण सांगणार?"

"मीच सांगतो."

पण फोन बबनरावांचाच आला. "जावईबापू, तसलीच सायकल बुक केली बघा!"

"मामा, कशाला? मला नको."

"तुम्हाला कुठं? मला! तुम्ही एसटीला मागं टाकता, मग मी निदान ट्रॅक्टरला तरी टाकीन का न्हाई? तुमच्या स्पर्धेत नावबी दिलंय. पवायला येतंय मला, कॅनॉलमधी शिकलोय."

इंद्रजीतने डोळे मिटले. "मामा, मी सायकलवर आलोच न्हाई. बिरदेवाच्या पिकअपमधी बसून आलो. मेंढ्यांत."

 पलीकडे बबनरावांना हसू आवरेना. "मला भिववताय व्हय? सासरा म्होरं जाईल म्हणून?"

"खरंच सांगतोय. बिरदेवाला इचारा पाहिजे तर."

"हितंच बसलाय की. घ्या, बोला."

फोन हातात आला तसा बिरदेव कुजबुजला, "साहेब, घोर करू नका. पोलिसानं इचारलं तरी सांगणार न्हाई." आणि मग बबनरावांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, "नव्वदीत हुता ओ माझा पिकअप, नव्वदीत!"